काटा ६००वर आणि गाडी थरथरते: मीटर खोटं की इंजिन आजारी?

कर्वेनगरची_वैजू

नमस्कार मंडळी. मला गाडीतलं फार कळत नाही, पण आकड्यांतलं कळतं. ३१ वर्षं बँकेत कॅशला बसले आहे, त्यामुळे दोन आकडे जुळले नाहीत की मला अन्न गोड लागत नाही.

गाडी २०१४ची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, हाताचे गिअर, ७८ हजार किलोमीटर झालेत. घरात चालवणारी मीच. ह्यांना क्लचचा कंटाळा आणि मुलगा हिंजवडीला कंपनीच्या बसने जातो.

गेल्या महिन्यात ऐन पावसात कर्वे पुतळ्यापाशी गाडी बंद पडली. बॅटरी गेली होती. दुकानातला मुलगा रेनकोट घालून आला, जागेवरच नवी बॅटरी लावून गेला. तेव्हापासून सिग्नलला उभी असताना आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा ६००च्या आसपास येऊन बसतो. पूर्वी ८००च्या किंचित खाली असायचा. हे मी शपथेवर सांगते, कारण दांडेकर पुलाच्या सिग्नलला इतका वेळ काढावा लागतो की काट्याकडे बघण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. आणि गाडी थरथरते. स्टिअरिंगवर हात ठेवला की मुंग्या येतात, आणि आरसा असा हलतो की मागची एक रिक्षा दोन दिसते.

दोन ठिकाणी दाखवून आले. पहिल्याने बॉनेटही न उघडता सांगितलं, "मॅडम, मीटर खोटं दाखवतंय, लक्ष देऊ नका." दुसरा म्हणाला थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करू, आणि नाहीच जमलं तर आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचे इंजिनाचे फेरे, "वाढवून देतो, स्क्रू फिरवला की झालं." एक काहीच करायला तयार नाही, दुसरा नको तितकं करायला तयार. दोघांनाही नमस्कार करून घरी आले.

पण ते "मीटर खोटं" डोक्यात राहिलं आणि मी बाकीच्या काट्यांचीही उलटतपासणी सुरू केली. भाचीच्या साखरपुड्याला एक्सप्रेसवेने गेलो तेव्हा काटा १००वर आणि ह्यांच्या फोनवर ९३. इंजिनाच्या तापमानाचा काटा बरोब्बर मधोमध, मग डिसेंबरातली सकाळ असो की मे महिन्यात लक्ष्मी रोडला अडकलेली दुपार. पेट्रोलचा काटा कात्रजच्या जुन्या घाटात चढताना खाली जातो आणि पलीकडे उतरलं की परत वर येतो, जणू वाटेत कुणी लिटरभर भरून गेलं. आमच्या कॅशमध्ये असं झालं असतं तर चौकशी लागली असती.

तर यातलं काय खरं धरायचं? इंजिन खरंच ६००वर चालतंय, की नुसता काटा खाली सरकलाय? आणि थरथर त्यामुळेच आहे का? खर्चाला माझी ना नाही. कशासाठी करतोय एवढं मात्र आधी कळलं पाहिजे.

घाटवेडा_रोह्या

काकू, ओबीडी डोंगल घ्या. हजाराच्या आत मिळतो. स्टिअरिंगच्या खाली पायाशी एक पोर्ट असतं, त्यात लावायचा, फोनला ब्लूटूथने जोडायचा. इंजिनाचा कॉम्प्युटर स्वतः काय मोजतोय ते थेट दिसतं. आरपीएम, कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान, स्पीड, सगळं. काट्याकडे बघायचंच नाही मग. काम झालं की काढून ठेवा, उगाच बॅटरी खातो.

मी_सांगतो_ना

अहो, साधं आहे. कंपन्या मीटर मुद्दाम पळवतात. स्पीड जास्त, किलोमीटर जास्त, वॉरंटी लवकर खलास, सर्व्हिसिंग लवकर. ७८ हजार झालेत म्हणता ना, खरे ७२ असतील. मी कधीच सांगून ठेवलंय.

जुना_फिटर

वैजूताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. भोसरीला डॅशबोर्डची मीटरं जोडायच्या लाइनवर माझी २८ वर्षं गेली, त्यातली शेवटची १२ तपासणीच्या टेबलावर. त्यामुळे जरा लांबण लावणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी वरच्या गृहस्थांना उत्तर देतो, म्हणजे ते निघून जातील. स्पीडचा काटा आणि किलोमीटरचे आकडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पीड मुद्दाम थोडा जास्त दाखवलेला असतो हे खरं, पण त्यामागे वॉरंटी नाही, नियम आहे. युरोपातला आर-३९ नावाचा नियम असं सांगतो की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवता कामा नये, आणि जास्त दाखवायचं तर खऱ्या वेगाच्या एक दशांश अधिक ४ किलोमीटर, त्यापुढे नाही. म्हणजे खरे ९३ असतील तर काटा १०६च्या थोडा वरपर्यंत गेला तरी पास. आता टायर नवा-जुना होणार, हवा कमी-जास्त होणार, काट्याचं स्वतःचं दोन-तीनचं मागेपुढे असणार. या सगळ्यात एकदाही कमी दाखवायचं नाही म्हटल्यावर बनवणारा काय करेल? सगळी पट्टीच थोडी वर सरकवेल. आमच्याकडे तेच होत असे. किलोमीटरला तसं काही वाढवलेलं नसतं, तिथे चाकाचे फेरे मोजून गुणाकार, बास. तेव्हा तुमच्या १०० आणि ९३मध्ये गुन्हा कुठलाच नाही. फरक मला किंचित जास्त वाटतो, पण त्याच्याकडे नंतर येतो.

पेट्रोलच्या काट्याबद्दल दोन वाक्यं. टाकीत एक तरंगता गोळा असतो, त्याच्या दांडीवर काटा चालतो. चढावर पेट्रोल टाकीच्या एका बाजूला जातं, गोळा बिचारा खाली बसतो. नशीब समजा की तुमचा घाटात तरी हलतो.

तापमानाचा काटा मात्र पक्का लबाड, आणि ही लबाडी आम्हीच त्याला शिकवली. पूर्वी तो प्रामाणिक होता. खंडाळ्याचा घाट चढताना वर जायचा, उतारावर खाली यायचा. मग माणसं घाबरून गाडी बाजूला घेत, गरम रेडिएटरचं झाकण उघडत, हात भाजून घेत आणि वर तक्रार करत की गाडी तापते. त्यावर उतारा असा निघाला की साधारण ७५ अंशांपासून १०५पर्यंत काट्याने एकाच जागी बसायचं. आकडे गाडीगणिक बदलतात, पण चाल हीच. तपासणीच्या टेबलावर आम्ही सेन्सरच्या जागी रेझिस्टन्स बॉक्स जोडायचो. बटणं फिरवत फिरवत तापमान ७५, ८५, ९५ असं चढवायचं आणि काटा ढिम्म. पहिल्या दिवशी मला वाटलं पीस खराब आहे, मी लाल खडूने फुली मारली. सुपरवायझरने ती पुसली आणि ड्रॉइंग पुढ्यात टाकलं. त्यामुळे आजकालच्या गाडीत हा काटा मध्याच्या वर नुसता बोटभर सरकला तरी "थोडंसंच वर आहे" असं म्हणून चालवत राहू नका. तो हलला तेव्हा बरंच काही होऊन गेलेलं असतं.

आता तुमचा मुख्य काटा. इंजिनाच्या क्रँकवर, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर, एक दातेरी चाक असतं, त्याच्यासमोर सेन्सर. दाते मोजून कॉम्प्युटर आरपीएम काढतो आणि मीटरकडे पाठवतो. त्या आकड्यात चूक होणं जवळपास अशक्य, कारण त्याच आकड्यावर पेट्रोल कधी सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची ते ठरतं. तो चुकला तर इंजिन धडपणे चालणारच नाही. चूक झालीच तर शेवटच्या वीतभर अंतरात होते, म्हणजे आकड्यापासून काट्यापर्यंत.

तुमच्या काळच्या गाडीत काट्यामागे स्टेपर मोटर असते. ती पावलं मोजत चालते. इतकी पावलं पुढे, इतकी मागे. स्वतः कुठे उभी आहे हे तिला दिसत नाही, फक्त मोजदाद ठाऊक. वीज आली की ती एकदा मागे जाऊन अडसराला टेकते, तिथून ठरलेली पावलं पुढे येते आणि त्याला शून्य म्हणते. पावसात बॅटरी बदलताना टर्मिनल घट्ट बसायच्या आधी दोन-चारदा लागलं-सुटलं असेल, तर ही मोजदाद अर्धवट राहू शकते. काही मीटरं दर वेळी किल्ली फिरवली की नव्याने शून्य गाठतात, काही फक्त बॅटरीची वीज नव्याने आली तरच.

तेव्हा पैसे खर्च करण्याआधी हे बघा. किल्ली काढून, गाडी बंद असताना आरपीएमचा काटा शून्याच्या रेघेवर आहे की खाली? खाली असेल तर जितका खाली, तितकंच सगळीकडे वजा. मग रोहनराव, रोहिदास, जे कुणी असतील त्यांनी सांगितलेला डोंगल लावून इंजिन पूर्ण गरम झाल्यावरचा आकडा लिहून घ्या, एकदा एसी बंद, एकदा चालू. एसी लावल्यावर आकडा थोडा चढला पाहिजे. आणि थरथर १,२०० आरपीएमला राहते का जाते तेही.

स्क्रूवाल्याकडे मात्र परत जाऊ नका. कार्ब्युरेटरच्या काळात आयडलचा स्क्रू खरोखर असे, अर्धा फेरा दिला की इंजिनाचा सूर बदलायचा. तुमच्या गाडीत थ्रॉटलची झडप कॉम्प्युटर स्वतः मोटरने उघडतो. लाइट लागले, पंखा लागला, एसी लागला की तो झडप केसभर अधिक उघडून आकडा जागेवर ठेवतो. तिथे दिसतो तो स्क्रू झडपेचा अडसर आहे. तो फिरवला की कॉम्प्युटर आणि मेकॅनिक यांची रस्सीखेच, आणि मध्ये तुम्ही.

जाता जाता एक जुनी गंमत. ही करा म्हणून सांगत नाही, आठवली म्हणून सांगतो. आमच्या गल्लीतल्या मेकॅनिककडे आरपीएम मोजायचं यंत्र नव्हतं. त्याच्याकडे चोकवाली ट्यूबलाइट होती. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तसली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मिणमिणते, डोळ्याला कळत नाही एवढंच. तो बंद इंजिनाच्या पुलीवर खडूने आठ समान रेघा मारायचा आणि मग ट्यूबखाली इंजिन चालू करायचा. ७५०ला पुली सेकंदाला साडेबारा फेरे घेते, साडेबारा गुणिले आठ म्हणजे १००. रेघा जागच्या जागी थिजल्यासारख्या दिसायच्या! पुढे सरकायला लागल्या तर इंजिन जास्त, मागे सरकल्या तर कमी. बिनपैशाचं यंत्र, आणि विजेच्या फ्रिक्वेन्सीइतकं अचूक. आताच्या बहुतेक एलईडी ट्यूब अशा मिणमिणत नाहीत, ती विद्या गेली. शिवाय चालत्या पट्ट्याशी वाकून बघणं धोक्याचं, पदर-ओढणीवाल्यांनी तर मुळीच नाही.

कर्वेनगरची_वैजू

फिटरकाका, मी गाडी चालवताना पंजाबी ड्रेस घालते आणि ओढणी मागच्या सीटवर असते. बाकी सगळं ऐकलं.

किल्ली काढून बघितलं. काटा शून्याच्या रेघेच्या खाली आहे! उघड्या डोळ्यांनी दिसतो, आणि महिनाभर मी तो बघितला नव्हता, कारण गाडी बंद केली की मी पर्स शोधत असते.

डोंगल आला. गाडी वारजे पुलापर्यंत फिरवून आणली आणि पार्किंगमध्ये उभी केली. एसी बंद असताना फोनवर ७५५ ते ७७५ यांच्यात खालीवर, काटा त्याच वेळी ६००च्या वर जरासा. एसी लावला तर ८५०च्या आसपास, काटा ७००. म्हणजे फरक दोन्हीकडे सारखाच, दीडशेच्या घरात. हा हिशेब लागला तेव्हा मला कॅश टॅली झाल्यासारखं वाटलं.

पण मग थरथर? इंजिन आपल्या जागी ७६०वर आहे म्हणायचं, तर गाडी हलते का? १,२००ला नेलं की थरथर गायब होते, पाय काढला की परत.

तापमानाचंही बघितलं. संध्याकाळी सहाला नवले पुलापाशी अडकले असताना फोनवर ८९, ९२, ९६, मग पंखा घरघरला आणि परत ९१. सिंहगडाच्या घाटात दुसऱ्या गिअरमध्ये एसी लावून १०२पर्यंत गेलं. डॅशबोर्डवरचा काटा? मधोमध. काका, तुमच्या लाल खडूची आठवण झाली.

आता स्पीड. परवा परत एक्सप्रेसवेला जाणं झालं. उर्से टोलनाक्याच्या पुढे सपाटीवर डॅशबोर्डवर १००, डोंगलवर ९७, ह्यांच्या फोनच्या जीपीएसवर ९३. एका गाडीचे तीन वेग! ह्यांचं म्हणणं, सरासरी काढ. सरासरी कशाची काढू?

सूर_लावा

डोंगल नसलेल्यांसाठी माझ्याकडून एक भर. मी रेकॉर्डिंगचं काम करतो, त्यामुळे मला इंजिनही वाद्यच वाटतं. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्याला दोन स्फोट होतात. तेव्हा सायलेन्सरच्या आवाजाचा मूळ सूर हर्ट्झमध्ये काढा आणि ३०ने गुणा, आरपीएम मिळतं. ७५०ला २५ हर्ट्झ. तीन सिलिंडर असतील तर ४०ने गुणा. फोनचा माइक २५ नीट पकडत नाही, पण त्याची दुप्पट पकडतो.

वैजूताई, मोबाईलवर स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजात किती हर्ट्झचे सूर आहेत ते, दाखवणारं फुकट ॲप घ्या आणि फोन सायलेन्सरपासून दोन हातांवर धरा. एकच खबरदारी. त्या वेळी सोसायटीचा पाण्याचा पंप चालू नको. त्याची आणि ट्यूबच्या चोकची घुणघुण ५० आणि १००वर असते, आणि तुमच्या इंजिनाची दुप्पट नेमकी तिथेच येणार. पंप ऐकून इंजिन सुरात आहे म्हणाल.

जुना_फिटर

हे सूरवाले भारी आहेत.

वैजूताई, सरासरी काढू नका. त्या तीन आकड्यांतच उत्तर आहे. डोंगलवरचे ९७ म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर चाकांच्या फेऱ्यांवरून काढतो तो वेग, त्यात भर घातलेली नाही. डॅशबोर्डने त्यात आपले तीन मिसळून १०० केले, ते मी वर सांगितलंच. इथपर्यंत सगळं शिस्तीत. पण जीपीएस ९३ म्हणतो. सरळ रस्त्यावर, एकाच वेगात, उघड्या आकाशाखाली जीपीएस बरोबर असतो (कामशेतच्या बोगद्यात त्याला विचारू नका). म्हणजे कॉम्प्युटर चाकाचा जो घेर धरून बसलाय त्यापेक्षा तुमचं चाक लहान आहे, साधारण शंभरात चारने.

टायर बदललेत का? कुठलं माप होतं आणि कुठलं घातलंत? टायरच्या बाजूला छापलेलं असतं, बघून लिहा.

थरथरीचं. ७६०ला आयडल स्थिर आहे, एसी लावल्यावर चढतं, ठोके चुकत नाहीत, १,२००ला थरथर जाते. माझा संशय इंजिनाच्या माउंटिंगवर. इंजिन ज्या रबरी गाद्यांवर बसतं त्या ११ वर्षांत दबतात, फाटतात. काहींच्या पोटात तेल असतं, ते गळून जातं. मग आयडलची थरथर सरळ बॉडीत उतरते. आयडलला इंजिनाचे हेलकावे आणि बॉडीचा स्वतःचा कंप जवळ येतात म्हणून तिथेच जाणवते, वर गेलं की निघून जाते. आयडल वाढवून देणारा हीच थरथर झाकणार होता, पेट्रोल तुमचं जाळून.

एक विचारू? बॅटरी बदलायच्या आधी थरथर खरंच नव्हती, की आधी लक्ष नव्हतं?

कर्वेनगरची_वैजू

तुमचा शेवटचा प्रश्न मी जेवताना मोठ्याने वाचला. हे म्हणाले, "वर्षभर थरथरतेय. मी दिवाळीत म्हटलं होतं, तू म्हणालीस रस्ते खराब आहेत." मी असं म्हटल्याचं मला आठवत नाही. पण पुण्यात असं म्हणणं शक्य आहे.

टायर. हो, मागच्या वर्षी चारही बदलले. दारावरच्या स्टिकरवर १६५/८० आर१४ आहे. घातलेल्या टायरवर १८५/६५ आर१४. दुकानदार म्हणाला होता रुंद टायर आहे, पकड चांगली, माप चालतं. रुंद म्हणजे मोठा असं मी समजले.

जुना_फिटर

रुंद आहे, पण बुटका. १६५ ही मिलिमीटरमधली रुंदी, तिचे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर ही जुन्या टायरची उंची. १८५चे ६५ टक्के १२०. वरखाली दोन्हीकडे धरून १४ इंची रिम (तोच तो आर१४) मिळवली तर जुनं चाक ६२० मिलिमीटरचं, नवं ५९६चं. शंभराला ३.८ने लहान. ९७ वजा ३.८ टक्के, किती झाले ते कॅशियरला सांगायला नको.

आणि आता वाईट बातमी. किलोमीटरही फेऱ्यांवरूनच मोजले जातात. टायर बदलल्यापासूनचे तुमचे किलोमीटर तितकेच फुगलेले आहेत. वॉरंटीवाल्या गृहस्थांना कळवा, चोर कंपनीत नव्हता, टायरच्या मापात होता.

खात्री करायची तर एक्सप्रेसवेचे किलोमीटरचे दगड आहेत. ट्रिप मीटर शून्य करा आणि २० दगड मोजा. दगड मोजायला शेजारी बसलेला माणूस वापरा, तुम्ही समोर बघा.

कर्वेनगरची_वैजू

उशीर झाला लिहायला. मध्ये गौरी-गणपती होते.

दगड सूनबाईने मोजले. २० दगडांना ट्रिप मीटरवर २०.८. शिवाय तिने स्वतःच्या डोक्याने आणखी एक केलं. काटा ८०वर धरून पाच दगडांना वेळ लावली. खरे ८० असते तर पावणेचार मिनिटं लागायला हवी होती, लागली ४ मिनिटं २ सेकंद. म्हणजे खरे ७४ आणि काही. जीपीएसशी जुळलं. या मुलीला बँकेत घातली पाहिजे होती.

थरथरीचं निदानही बरोबर निघालं. नाना पेठेतल्या एका जुन्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून मला बाजूला उभं केलं, समोर नाही, आणि त्याच्या पोराला ब्रेक दाबून क्लच किंचित सोडायला लावला. इंजिन पाळण्यासारखं एका अंगाला झुललं. उजव्या बाजूच्या माउंटिंगखाली काळं तेल ओघळून वाळलेलं होतं. ते एक बदललं. आता मागची रिक्षा एकच दिसते.

त्यानेच किल्ली काढून ठेवून बॅटरीचं टर्मिनल सोडलं, चहा येईपर्यंत तसंच ठेवलं आणि मग एका दमात घट्ट बसवलं. काटे सगळे एकदा मागे टेकून पुढे आले. आरपीएमचा आता शून्यावर आहे, आणि गरम इंजिनाला ८००च्या किंचित खाली. अगदी माझ्या शपथेइतका. घड्याळ मात्र १२:०० दाखवतंय. ते लावायचं कसं हे पुस्तकात बघावं लागेल.

सूरवाल्यांसाठी: केलं बरं का तेही. पंप बंद करायला वॉचमनला सांगितलं, त्याला वाटलं काकूंना काहीतरी झालंय. ५१च्या जवळ टोक आलं. निम्मं करून ३०ने गुणलं, ७६५. डोंगलशी तंतोतंत.

आता कबुली. मी पेट्रोलची डायरी ठेवते, २०१४पासून, टाकी भरली की तारीख, लिटर, किलोमीटर. टायर बदलायच्या आधी ॲव्हरेज १५.८ होतं, नंतर १६.४ झालं. गेलं वर्षभर मी भिशीच्या बायकांना सांगत होते की टायर चांगले घ्या, ॲव्हरेज वाढतं. दोघींनी माझं ऐकून माझ्याच दुकानातून घेतलेसुद्धा. काल रात्री बसून १६.४ला .९६२ने गुणलं. १५.८ आले. दशांशासकट तेच.

तेरा पानं लाल पेनने दुरुस्त केली आहेत. त्या दोघींना अजून सांगितलेलं नाही.

घाटवेडा_रोह्या

काकू 😂 आणि फिटरकाका, माझं नाव रोहित.

जुना_फिटर

रोहितराव, माफी.

वैजूताई, दुरुस्तीचा तो गुणक कायमचा धरू नका. नव्या टायरला सात-आठ मिलिमीटर नक्षी असते आणि १.६ उरली की तो बाद. म्हणजे झिजेपर्यंत चाक आणखी शंभरात दोनने लहान होतं. सहा महिन्यांनी २० दगड परत मोजा, सूनबाईंनाच न्या. आणि पुढचे टायर घ्याल तेव्हा दारावरच्या स्टिकरचा फोटो काढून दुकानात जा.